नेक्रोसिस म्हणजे 'सडणं' का? आणि अपॉप्टोसिसला काय म्हणावं?

प्रश्न असा आलाय की बायोप्सीच्या रिपोर्टमधलं 'नेक्रोसिस' (इजेनं किंवा रक्त तुटल्यानं पेशी मरणं) घरच्यांना समजावताना 'पेशी सडल्या' म्हटलं तर चालेल का, आणि अपॉप्टोसिसला (नको असलेल्या पेशी शरीरानं शिस्तीत मारून काढून टाकणं) 'पेशींची आत्महत्या' म्हणणं कितपत बरोबर. मला विचाराल तर दोन्ही नकोत.

ग्रीकमधे नेक्रोस म्हणजे प्रेत, बस. सडायला जंतू लागतात, नेक्रोसिसला नुसता रक्तपुरवठा तुटला तरी पुरतं. हार्ट अटॅकनंतर मेलेला हृदयाचा स्नायू दोन-तीन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघितला तर पेशींच्या कडा जागच्या जागी असतात, केंद्रक तेवढं पुसलं गेलेलं, सगळं एकसारखं गुलाबी, घरं उभी पण आत कोणी नाही असं. आतली प्रथिनं उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट झालेली, म्हणून कोअॅग्युलेटिव्ह. याला मी 'गोठीव' म्हणेन, सडणं कुठंय यात? मेंदूत उलटं, तिथं रक्त थांबलं की त्या भागाचं पाणी होतं. टीबीची गाठ कापली की आत पांढरट-पिवळट भुरभुरीत, लॅटिनमधल्या चीजच्या शब्दावरून ते केसिअस. आणि स्वादुपिंडाला सूज येऊन त्याचे पाचकरस बाहेर सुटले तर आजूबाजूच्या चरबीचा कॅल्शियमशी मिळून खरोखर साबण बनतो, खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात. 'सडणं' हे ओल्या गँग्रीनसाठी राखून ठेवा, त्याला जुना शब्द 'कोथ' आहेच, संस्कृतात त्याचा अर्थच कुजणं. कोरड्या गँग्रीनमधे तर बोट काळं पडून वाळतं.

आता अपॉप्टोसिस. हा शब्द 1972 साली कर, वायली आणि करी या तिघांनी पेपरात आणला, सुचवला होता अॅबर्डीन विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्रोफेसर जेम्स कॉरमॅक यांनी, अर्थ फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाची पानं गळून पडणं. मग आपल्याकडे पानगळ आहे, पानझड आहे, मराठीला शोधायला लांब जायलाच नको! मी आधी 'पेशीगळ' म्हणायचो पण मग लक्षात आलं की गळणं म्हणजे पाझरणंही, आणि अपॉप्टोसिसमधे नेमकं तेच होत नाही. पेशी आकसते, तिच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या बारीक पुड्या होतात, त्या शेजारच्या पेशी किंवा मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या संरक्षक पेशी) गिळून टाकतात, काही सांडत नाही म्हणून सूजही येत नाही. नेक्रोसिसमधे पेशी फुगून फुटते, आतलं सगळं बाहेर येतं आणि आजूबाजूला सूज चढते, शिवाय तिथं बहुतेकदा पेशींचा अख्खा पट्टा एकदम जातो, तर इथं पानासारखी एकेक सुटी. म्हणून मला 'पेशीझड' जास्त पटतं.

'आत्महत्या' नको कारण त्यात आजार, निराशा, काहीतरी बिघडल्याची छटा येते, आणि मरायचा हुकूम कधीकधी बाहेरून, किलर टी पेशींकडूनही (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) येतो. गर्भाचा हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो, आठव्या आठवड्याच्या आसपास मधल्या पेशी झडतात तेव्हा बोटं सुटी होतात. याला आत्महत्या कसं म्हणायचं?

रिपोर्टमधे 'केसिअस नेक्रोसिस' असेल तर घरच्यांना एवढंच सांगा: गाठीचा आतला भाग मेलाय आणि भुरभुरीत झालाय.