मुलाने चित्रावरून सांगितलेल्या एका गोष्टीवरून 'आईविषयी दडपलेला राग' असं ठरवता येतं का?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक होता म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. वर्गात मधेच रडतो, दोनदा शेजारच्या मुलाला मारलं, म्हणून शाळेने काउन्सेलरकडे पाठवलं. तिथे प्राण्यांची चित्रं दाखवून गोष्टी सांगायला लावल्या. एका चित्रात कोंबडीची पिल्लं टेबलाशी बसलीयत, त्यावर हा म्हणाला की एका पिल्लाला खायलाच मिळालं नाही, आई दुसऱ्यांनाच वाढत बसली. आणि रिपोर्टमध्ये आलं, 'आईविषयी दडपलेला राग, भावनिक उपासमार, कल्पनाशक्ती मर्यादित'. तुम्ही दोन रात्री झोपलेला नाहीत आणि विचारताय की हे खरं असतं का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, १४ वर्षं हेच काम करतेय आणि हीच टेस्ट मी स्वतः वापरते, तर सरळच सांगते. एका गोष्टीवरून असं वाक्य लिहिता येत नाही. म्हणजे लिहायला काय, कागद कुणाचा हात धरत नाही, पण त्याला आधार नाही.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ही टेस्ट म्हणजे सीएटी, चिल्ड्रन्स ॲपरसेप्शन टेस्ट. लिओपोल्ड आणि सोन्या बेलॅक या नवराबायकोने १९४९ मध्ये काढली, १० कार्डं असतात, साधारण ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी. हिची थोरली बहीण टीएटी, म्हणजे थीमॅटिक ॲपरसेप्शन टेस्ट, मोठ्यांची, ती हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी १९३५ मध्ये हार्वर्डमध्ये मांडली, आणि एनडीएच्या मुलाखतीची तयारी करणारी पोरं ज्या टॅटला घाबरतात तीही त्याच घराण्यातली, ३० सेकंद चित्र बघायचं आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. मुलं माणसांपेक्षा प्राण्यांत लवकर रमतील असं बेलॅकना वाटत होतं. पुढे त्यांनीच माणसांच्या चित्रांची आवृत्तीसुद्धा काढली, ते जाऊदे.

कल्पना साधी आहे. चिऊकाऊची गोष्ट घ्या ना, शेणाचं घर पावसात वाहून जातं, काऊ दार वाजवतो आणि चिऊ म्हणते थांब माझ्या बाळाला आंघोळ घालते, थांब तीट लावते. ऐकणारं एक पोर खुश होतं की बरी खोड मोडली काऊची. दुसरं विचारतं, चिऊ दार का नाही उघडत, तो भिजतोय ना. तिसऱ्याला फक्त चिऊच्या बाळाची काळजी, त्याला सर्दी झाली तर. गोष्ट सगळ्यांना तीच सांगितली, प्रत्येकाने उचललं वेगळं. या टेस्टमध्ये गोष्टसुद्धा आपण देत नाही, अर्धवट चित्र देतो आणि उरलेलं मूल स्वतःच्या पदरचं घालतं. त्यातलं किती त्याच्या मनातलं, किती चित्रातलंच, किती काल टीव्हीवर बघितलेलं आणि किती नुसतं टाइमपास, हे वेगळं काढणं म्हणजे अर्थ लावणं. सगळी मारामारी तिथे आहे.

आता तुमच्या मुलाचं पिल्लू घेऊ. चित्रं मी उघड्यावर सविस्तर सांगत नाही, टेस्ट खराब होते, पण तुम्ही लिहिलंच आहे म्हणून, त्या कार्डात टेबलावर खायचं मोठं भांडं आहे. म्हणजे चित्रच खाण्याचं आहे! त्यावर मूल खाण्याबद्दल बोलणार नाही तर काय करणार, शेअर मार्केटबद्दल बोलेल का. प्रत्येक कार्डाची एक ओढ असते, बहुतेक मुलं त्या कार्डावर काय बोलतात हे आधी माहीत असावं लागतं आणि त्यापेक्षा वेगळं काही आलं तर कान टवकारायचे. या कार्डावर कुणाला मिळालं, कुणाला कमी आलं, कोण आधी, हे येतंच येतं. मी जेवढ्यांची टेस्ट घेतलीय त्यातल्या कितीतरी पोरांनी एक तरी पिल्लू उपाशी ठेवलंय.

दुसरं, टेस्ट किती वाजता घेतली? तुम्ही लिहिलंय की शाळा सुटल्यावर रिक्षाने थेट तिकडेच नेलं, दीड वाजला होता. डबा खाल्ला होता का त्याने? हसू नका, मी गंभीरपणे विचारतेय. १९४८ मध्ये ॲटकिन्सन आणि मॅक्लेलँड यांनी अमेरिकन नौदलाच्या पाणबुडी तळावरच्या लोकांवर नेमकं हेच करून बघितलं होतं. काहींना जेवून १ तास झालेला, काहींना ४ तास, काहींना १६ तास, आणि चित्रांवरून गोष्टी लिहायला लावल्या. जसजसे उपाशी राहिल्याचे तास वाढले तसतसं गोष्टींमध्ये अन्न न मिळण्याचं वाढत गेलं, आणि गंमत म्हणजे खाल्ल्याचे प्रसंग उलट कमी झाले. मोठे दणकट नौसैनिक ते. आपल्याकडे ८ वर्षांचं पोर, सकाळी सातला दूध पिऊन गेलेलं.

तिसरं, भाषा. 'कल्पनाशक्ती मर्यादित' वाचून मला पहिला संशय हाच आला. तुम्ही घरी मराठी बोलता, शाळा इंग्लिश मीडियम, आणि काउन्सेलर त्याच्याशी इंग्रजीत बोलत होत्या असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मूल शाळेच्या भाषेत गोष्ट सांगतं तेव्हा बहुतेकदा निबंधासारखी सांगतं, तीन वाक्यं आणि दि एंड. तेच पोर मराठीत दहा मिनिटं थांबत नाही, मधे आवाज काढतं, उठून कोंबडीसारखं चालून दाखवतं. गोष्ट आखूड आली तर दोष मुलाच्या कल्पनाशक्तीला द्यायच्या आधी भाषा बदलून बघायची ना.

आता माझी स्वतःची एक फजिती सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) ट्रेनिंगचे दिवस, समोर १९ वर्षांचा मुलगा, मराठवाड्यातल्या गावातून शहरात शिकायला आलेला. टीएटीचं पहिलं कार्ड प्रत्येक टेक्स्टबुकात आहे म्हणून सांगायला हरकत नाही, एक मुलगा टेबलावरच्या व्हायोलिनकडे बघत बसलाय. हा म्हणाला, "लाकडाचं काहीतरी मोडलंय, वडिलांचं होतं, ह्याच्या हातून मोडलं, आता मार बसणार म्हणून बसलाय." मी तर हरखलेच. पानभर लिहिलं, वडिलांची भीती, अपराधगंड, अधिकारी व्यक्तींशी संघर्ष, फ्रॉइडसुद्धा आणून बसवला त्यात. आमच्या सुपरवायझर मॅडमनी ते शांतपणे वाचलं, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "त्याने व्हायोलिन कधी बघितलंय का गं?"

नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला मला ते वाद्य आहे हेच कळलं नाही मॅडम, मोडकं काहीतरी वाटलं, आणि मोडलं की मार बसणार, दुसरं काय होणार. माझं अख्खं पान गेलं कचऱ्यात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मॅडमनी मला त्याच्या दहाही गोष्टी एकामागून एक मोठ्याने वाचायला लावल्या, प्रत्येक गोष्टीचं फक्त शेवटचं वाक्य. "मग तो तसाच बसून राहतो." "मग तो झोपतो." "मग ती खोलीत निघून जाते." "काही नाही, मग झोपतात." दहापैकी सहा गोष्टी अशाच संपत होत्या, आणि दहात एकाही ठिकाणी कुणी कुणाकडे मदत मागत नव्हतं, अडचणीत सापडलेला माणूस कुणाला काही सांगतच नव्हता. व्हायोलिनच्या नादात मला ते दिसलंच नव्हतं. नंतर बोलताना कळलं की तो वर्षभर कॉलेजलाच गेला नव्हता आणि हे घरी, मित्रांना, रूममेटला, कुणालाही माहीत नव्हतं. तरी मॅडमनी रिपोर्टमध्ये काय लिहायला लावलं, तर 'अडचणीत मदत मागण्याकडे कल कमी असण्याची शक्यता, मुलाखतीतून पडताळावी'. शक्यता आणि पडताळावी. हे दोन शब्द तुमच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये कुठे आहेत का बघा.

तर मी काय बघते, तर आधी हे की तीच गोष्ट वेगवेगळ्या चित्रांवर परत परत येतेय का, आणि विशेषतः जिथे चित्रात तसं काहीच नाही तिथेही येतेय का. पिल्लाच्या कार्डावर भूक आली, ठीक. पण माकडांच्या कार्डावर, अंधाऱ्या खोलीच्या कार्डावर, सगळीकडे कुणाला तरी वाट्याला काही येतच नसेल तर मी थांबते. मग शेवट. आणि शेवटापेक्षाही, कारण काय दिलं. दोन मुलं समजा. एक म्हणतं, "पिल्लू उपाशी राहिलं, मग आई आली, म्हणाली अगं तुला राहिलंच की, आणि तिने वाढलं." दुसरं म्हणतं, "पिल्लू उपाशी राहिलं, कारण ते वाईट होतं. संपली." पहिल्यात भूक आहे पण जगात वाढणारं कुणीतरी आहे. दुसऱ्यावर मी रात्रभर विचार करीन. आणि तरीसुद्धा लगेच काही लिहिणार नाही, आधी विचारीन, वाईट म्हणजे काय केलं रे त्याने? कदाचित उत्तर येईल की त्याने आधीच चॉकलेट खाल्लेलं.

शिवाय सांगताना काय झालं तेही. कुठल्या कार्डाला खूप वेळ लागला, कुठलं उलटं करून ठेवलं, कुठे एकदम सू लागली. हे सगळं टेस्ट घेणाऱ्याच्या वहीत असायला हवं, शब्दन् शब्द.

शास्त्राच्या बाजूने म्हणाल तर या टेस्टवर टीका भरपूर झालीय आणि ती बरीचशी बरोबर आहे. २००० मध्ये लिलियनफेल्ड, वुड आणि गार्ब यांनी असल्या टेस्टचा मोठा आढावा घेतला, त्यात टीएटीच्या अगदी थोड्याच, ठरावीक गुण देण्याच्या पद्धतींना बऱ्यापैकी आधार सापडला, उदाहरणार्थ मॅक्लेलँडची, गोष्टींतून यशाची आस मोजायची. पण आपल्याकडे (आणि बाहेरही) बहुतेक जण त्या ठरावीक पद्धती वापरतच नाहीत, गोष्ट वाचतात आणि अनुभवाने वाटेल ते लिहितात. मग होतं काय की चित्र बघून मूल स्वतःचं मन ओततं आणि मुलाची गोष्ट वाचून सायकॉलॉजिस्ट स्वतःचं. माझं व्हायोलिनचं पान त्यातलंच, ती वडिलांची भीती त्या पोराची नव्हती, मी नुकताच फ्रॉइड वाचला होता.

मग तरी मी का वापरते? कारण ८ वर्षांच्या मुलाला 'तुला घरी कसं वाटतं' विचारलं तर उत्तर येतं 'छान'. आणि ससा, अस्वल यांच्याबद्दल विचारलं की दार जरा किलकिलं होतं. बोलणं सुरू करायला उत्तम, निकाल द्यायला नाही. निदान तर यावरून करतच नाहीत, त्याला मुलाखत लागते, शाळेची माहिती, मुलाला खेळताना बघणं, गरज असली तर बाकीच्या टेस्ट.

आता एक तुम्हाला न आवडणारं बोलते. तुम्ही प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की घरात ५ महिन्यांची मुलगी आहे. ताई, ते वाक्य पहिलं यायला हवं होतं. 'आई दुसऱ्यांनाच वाढत बसली' हे काउन्सेलरने चुकीचं वाचलं असलं तरी उडवून लावू नका. त्याला दडपलेला राग वगैरे म्हणायची काही गरज नाही, थोरल्या भावंडाला पाळणा हलल्यावर जे होतं ते झालेलं असू शकतं, आणि वर्गातलं रडणं, मारणं कधी सुरू झालं ते बाळाच्या तारखेशी ताडून बघा. जुळलं तर तुम्हाला टेस्टपेक्षा जास्त कळेल, नाही जुळलं तर कारण दुसरीकडे शोधू, कदाचित शाळेतच कुणी त्रास देत असेल.

करायचं काय तर काउन्सेलरना भेटा, भांडू नका, विचारा की किती कार्डं दाखवली, गोष्टी लिहून घेतल्यात का आणि त्या समोर बसून वाचून दाखवाल का, गुण कुठल्या पद्धतीने दिले, बाकी काय केलं. नीट उत्तरं मिळाली तर उत्तम, त्यांच्याकडेच पुढे जा. वही दाखवायला टाळाटाळ झाली, किंवा एकच कार्ड दाखवून उरकलं असं कळलं, तर दुसरीकडे जा, आणि जाताना समोरची व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदलेली आहे का ते विचारा, नंबर मागायला लाजू नका, आम्हाला सवय आहे. काउन्सेलर वाईट असतात असं नाही हां, पण हे काम त्या प्रशिक्षणाचं आहे.

घरी मात्र त्याला 'तू पिल्लाबद्दल असं का म्हणालास' हे विचारू नका. आजीनेही नको, बाबांनीही नको. तो पुढच्या वेळी सगळ्या पिल्लांना पोटभर जेवू घालेल आणि मग कुणालाच काही कळणार नाही. त्यापेक्षा रोज बाळ झोपल्यावर वीस मिनिटं त्याच्या एकट्याची ठेवा, अभ्यास सोडून काहीही.

आणि पुढच्या अपॉइंटमेंटला जाताना आधी जेवायला घालून न्या त्याला.