सुमारे ३,००० मीटर उंचीवरच्या जंगलातल्या लूप ट्रेलवर माउंटन बाइक चालवायची आहे. सायकलची आणि स्वतःची तयारी कशी करावी?

तुम्ही दिलेले आकडे असे: २६ किलोमीटरचा लूप, सुरुवात २,२०० मीटरवर, माथा ३,१०० मीटरवर, आणि सखल भागात ४० किलोमीटरची ट्रेल तुम्ही आरामात करता. ‘एवढा दम पुरेल का?’ असं तुम्ही विचारलंय. पुरेल, फक्त वेळ जास्त लागेल. मला काळजी वाटते ती उताराची. अशा लूपवर माणूस चढताना सगळी ताकद संपवतो आणि मग थकलेले हात, गारठलेली बोटं आणि सुस्तावलेलं डोकं घेऊन सगळ्यांत अवघड भागात शिरतो. त्यामुळे खालचं सगळं ‘उतारासाठी काय शिल्लक ठेवायचं’ या हिशेबानं वाचा.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. घटतो तो हवेचा दाब. ३,००० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. सवय नसलेल्या शरीराची कमाल क्षमता तिथं साधारण १५ ते २० टक्क्यांनी उतरते. खाली जो वेग तासभर टिकतो, तोच वर दहा मिनिटांत धाप लावतो. आणि एकदा धाप लागली की श्वास जागेवर यायला खालच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. घड्याळातले नाडीचे झोन (ठोक्यांवरून ठरवलेले मेहनतीचे टप्पे) सखल भागात ठरवलेले असतात, ते इथं फसवतात. साधी कसोटी वापरा: चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. पहिली वीस मिनिटं मुद्दाम कंटाळा येईल इतकी हळू चालवा. छोटा पण खडा चढ आला की उतरून सायकल ढकला. तिथं जोर लावून वाचणारा अर्धा मिनिट पुढं फार महागात पडतो.

पुढे ३२ दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) असेल तर चढ हलका जावा म्हणून ३० किंवा २८ ची बसवून घ्या, पण तुमच्या क्रँकला (पेडलच्या दांड्याला) कोणत्या प्रकारची बसते ते आधी बघा. मागे ५१ किंवा ५२ दातांचा मोठा गिअर असेल तर उत्तमच. दोन दात कमी केल्यानं चेन सहसा कापावी लागत नाही.

जमलं तर आदल्या एक-दोन रात्री २,०००–२,५०० मीटरच्या आसपास झोपा. उंचीचा त्रास बहुधा पोचल्यावर सहा ते बारा तासांनी जाणवायला लागतो. सकाळी गाडीनं वर जाऊन लगेच चालवलं तर राइड नीट पार पडते आणि डोकं रात्री धरतं. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा अन्नावरची वासना जाणं असेल, तर त्या दिवशी सायकल नको. चालताना झोक जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं ही धोक्याची लक्षणं आहेत. तेव्हा वाट न बघता खाली उतरायचं. गोळ्या घ्यायच्या का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर नक्कीच विचारा.

आता टायर. सखल भागात २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरून सायकल गाडीवर टाकून वर नेली, तर ३,००० मीटरवर गेजमध्ये साधारण चार पीएसआय जास्त दिसतात, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. थंडीमुळे त्यातले दोनेक परत उतरतात. तरी उरलेले दोन पीएसआय ओल्या मुळांवर जाणवतात. टायर टणक होतो, उसळतो, पकड सोडतो. म्हणून हवा ट्रेलच्या तोंडाशी, सायकल गाडीवरून उतरवून थोडा वेळ सावलीत ठेवल्यावर मोजा. तिथून माथ्यापर्यंत फरक पडतो तो जेमतेम एका पीएसआयचा, त्याच्या मागे लागू नका. ७५ किलोच्या माणसाला २.४ इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे २०–२१ आणि मागे २३–२४ ही सुरुवात ठीक. मागची रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर दोन वाढवा. सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा टायरमधला द्रव, काही महिन्यांत वाळतं. चाक हलवून आत द्रव खळखळतोय का ते ऐका. खळखळ नसेल तर २९ इंची चाकाला ९० ते १२० मिलिलीटर घाला.

फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या) बाबतीत एक गोष्ट बरेच जण विसरतात. स्प्रिंगच्या हवेपेक्षा वेगळी अशी थोडी हवा खालच्या जाड पायांमध्ये अडकलेली असते. उंचीवर ती बाहेरच्या तुलनेत दाबाखाली येते आणि फोर्क बारीक खड्डे गिळेनासा होतो. काही फोर्कना मागच्या बाजूला यासाठी छोटी बटणं असतात. ट्रेलच्या तोंडाशी ती दाबली की फुस्स होऊन मोकळं होतं. बटणं नसतील तर सीलमध्ये धातूचं काही खुपसू नका. सील किंवा नळीवर ओरखडा गेला की तेल गळायला लागतं. थंडीत तेल घट्ट होऊन रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग) मंदावतो, तो एक-दोन क्लिक मोकळा करा.

ब्रेकवर मात्र वेळ घालवाच. ९०० मीटर चढलात म्हणजे तेवढंच उतरायचं आहे, आणि ती सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅडमधून उष्णता होऊन बाहेर पडते. पॅडवर घासणारा थर एक मिलिमीटरपर्यंत आला असेल तर जायच्या आधी बदला. लांब उतारावर ऑरगॅनिक (रेझिनचे) पॅड लवकर तापून चकाकतात आणि घसरतात. मेटल पॅड आवाज करतात पण टिकतात. इथं मी मेटलच सुचवेन. नवे पॅड बसवून थेट ट्रेलवर जाऊ नका. सपाट रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत आणा, असं प्रत्येक ब्रेकला वीसेक वेळा करा. पुढे १६० मिलिमीटरची डिस्क असेल आणि फोर्कला चालत असेल तर १८० ची घ्या. ब्रेकची लिव्हर सखल भागातच थोडी मऊ लागत असेल, तर ब्रेक ब्लीड करून (नळीतली हवा काढून) घ्या. नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा कमी दाबात फुगतो आणि वर तीच लिव्हर हँडलला टेकते.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवणं ही सगळ्यांत वाईट सवय. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, एका बोटानं जोरात पण थोडा वेळ दाबा आणि वळणात सोडा. त्यानं डिस्कला थंड व्हायला फट मिळते. लिव्हर मऊ होत गेली किंवा जळका वास आला तर थांबा आणि दहा मिनिटं जाऊ द्या. डिस्कला हात लावू नका, पाणी ओतू नका, ती वाकते.

माथ्यावर पोचल्यावर फोटो काढून लगेच सुटू नका. पंधरा मिनिटं बसा, खा, पाणी प्या. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात घामानं भिजलेलं अंग आणि उताराचा वारा. वारा अडवणारं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे इथंच चढवा. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला याचा अंदाज जातो.

पाइनच्या वाळक्या सुया कडक जमिनीवर पसरल्या की मोहरीच्या दाण्यांसारख्या सरकतात, आणि खाली मूळ असेल तर दिसतही नाही. सुयांवर वळायचं नाही, ब्रेकही नाही. सरळ घरंगळत जायचं. ओली मुळं शक्यतो काटकोनात ओलांडा, तिरकी येत असतील तर पुढचं चाक हलकं करून. झाडांतून पडणारा ऊन-सावलीचा चट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश दगडाची खोली लपवतो. गडद चष्म्याऐवजी पारदर्शक किंवा फिकट काचेचा घ्या. वर अतिनील किरण जास्त असतात, म्हणून चष्मा अजिबात न घालणं हा पर्याय नाही.

दिशेचा प्रश्न: पाटीवर दिशा दिली असेल तर तीच. नसेल तर नकाशावरचा उंचीचा आलेख बघा. रुंद, मंद चढाच्या बाजूनं वर आणि अरुंद वाटेनं खाली. जंगलातले गाडीरस्ते लूपला कुठं छेदतात ते आधीच खूण करून ठेवा, कारण अर्ध्यावर गेल्यावर मागे आणि पुढे सारखंच लांब असतं. नकाशा ऑफलाइन उतरवून फोन आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी पटकन उतरते.

उन्हाळ्यात डोंगरावर दुपारनंतर वीज-पाऊस नेहमीचा. माथा बाराच्या आत सोडता येईल असं निघा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी गेले तर माथ्यावरून आणि डोंगराच्या धारेवरून खाली या, एकट्या उंच झाडाखाली थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

सामानात मल्टिटूल, चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी), टायरचे प्लग (भोकात खुपसायच्या पट्ट्या), ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब, पंप. डिरेल्युअर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) तुमच्याच फ्रेमचा घ्या, दुसऱ्याचा बसत नाही. वर पंपाच्या प्रत्येक झटक्यात हवा कमी जाते, खाली शंभर झटके लागत असतील तर ३,००० मीटरवर एकशे चाळीसेक लागतील. पाणी तासाला ५०० ते ७५० मिलिलीटर, आणि भूक नसली तरी दर अर्ध्या तासानं थोडं खाणं. उंचीवर भूक मरते आणि मग एकदम पाय गळतात.

चढणाऱ्याला आणि पायी चालणाऱ्याला वाट द्यायची. समोरून घोडा आला तर उतरून उताराच्या बाजूला उभे राहा आणि शांतपणे बोला, म्हणजे त्याला माणूस आहे हे कळतं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल आणि माती टायरला चिकटून फ्रेममध्ये भरत असेल तर पहिल्या किलोमीटरमध्येच परत फिरा. त्या चिखलात पडलेल्या चाकोऱ्या वाळून तशाच राहतात.