नानांचा हात थांबला, पण बोलणं अडकतंय

प्रश्न: माझे वडील, सगळे त्यांना नाना म्हणतात, चोपडा तालुक्यात राहतात, जिल्हा परिषद शाळेत मास्तर होते. पार्किन्सन्स खूप वर्षांपासून आहे. मागच्या वर्षी मुंबईला डीबीएसचं ऑपरेशन केलं, म्हणजे मेंदूत तार टाकून मशीनने करंट देतात ते, हाताची थरथर जवळजवळ गेली, गोळ्या निम्म्यावर आल्या. पण यंदा आखाजीला माहेरी गेले तर नाना बोलता बोलता मध्येच थांबतात, साधं नाव आठवत नाही, आवाजही बारीक झालाय आणि शब्द एकमेकांत मिसळतात, फोनवर तर काहीच कळत नाही. भाऊ म्हणतो दोन दिवस मशीन बंद करून बघू. हे मशीनमुळेच होतंय का? की विसरण्याचा आजार लागलाय? (एक वाचक, धुळे)

उत्तर: ताई, आधी भावाला सांगा, मशीनला घरी हात लावू नका. गोळ्या निम्म्या केलेल्या असताना करंट अचानक बंद झाला तर अंग इतकं आखडू शकतं की दवाखान्यात न्यावं लागेल.

आता बोलण्याचं. तुम्ही एका दमात दोन तक्रारी लिहिल्यात, शब्द न आठवणं आणि आवाज-उच्चार बिघडणं, आणि यांची कारणं बरीचशी वेगळी आहेत. १९९३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोब्लला मेंदूचे सर्जन बेनाबिड यांच्या टीमने मेंदूच्या खोलातल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये तार टाकायला सुरुवात केली, आज बहुतेकांना तिथेच टाकतात आणि गोळ्या एवढ्या कमी झाल्या म्हणजे नानांचीही तिथेच असावी. या ऑपरेशननंतर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलीये, एका मिनिटात 'क'वरून शब्द सांगा किंवा भाज्यांची नावं सांगा म्हटलं की पेशंट आधीपेक्षा कमी सांगतो. ही घट बऱ्याचदा ऑपरेशननंतर लगेच येते आणि करंट बंद ठेवला तरी पूर्ण जात नाही, म्हणजे तार आत जाताना वाटेत जो बारीकसा धक्का बसतो त्याचाही यात हात असणार. म्हणून मशीन बंद करून शब्द परत येतील ही आशा धरू नका. एवढ्यावरून विसरण्याचा आजारही ठरत नाही, पण नाना वार-तारीख, पैशाचे हिशोब, ओळखीचे रस्ते यात चुकत असतील तर पूर्ण तपासणी करा.

आवाजाचं मात्र थोडं हातात आहे. तारेच्या शेजारूनच तोंड-जिभेच्या स्नायूंकडे जाणारे तंतू जातात, करंट त्यांच्यापर्यंत पसरला की उच्चार जड होतात, जास्त करून डाव्या बाजूच्या तारेने. डॉक्टर करंट कमी करून बघतात, तारेवर करंट जिथून सोडतात तो पॉइंट बदलतात, कधी करंटची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती ठोके) १३० वरून ६० हर्ट्झच्या आसपास आणतात. यात थरथर थोडी परत येऊ शकते, तेव्हा नानांना काय जास्त हवंय ते नानांनाच विचारा, जन्मभर वर्गात बोललेल्या माणसाला आवाजाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. ओपीडीत हात बघतात, चाल बघतात आणि बोलण्याचं कोणी विचारतच नाही, हे मला फार खटकतं, म्हणून तुम्हीच घरी बोलतानाचा व्हिडिओ काढून न्या, गोळीच्या आधीचा आणि नंतरचा. गोळ्या कमी झाल्यावर काही जणांचा उत्साहच जातो आणि ते बोलायचेच कमी होतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

शब्दांची तपासणी करतील तेव्हा नाना घरी अहिराणी बोलत असतील तर तसं आधीच सांगा, पुस्तकी मराठीत मार्क कमी पडले म्हणजे मेंदू कमी पडला असं होत नाही. आवाजासाठी स्पीच थेरपिस्टकडे एलएसव्हीटी लाउड नावाचा व्यायाम असतो, आठवड्यातून ४ दिवस असे ४ आठवडे, मोठ्याने बोलायची सवय लावतात, पण त्याने अडकलेले शब्द सुटतील असं नाही. त्यासाठी घरच्यांनी टीव्ही बंद करून समोर बसायचं आणि नानांचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, कितीही वेळ लागू दे.

आणि पाणी पिताना ठसका लागतो का ते बघा, बोलणं बिघडतं तिथे बऱ्याचदा गिळणंही बिघडतं. लागत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.