हिरड्यातून रक्त येतंय, त्याचा हार्टशी संबंध असतो का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही परभणी जिल्ह्यातले. आई 61 वर्षांची, पोळ्याच्या आदल्या दिवशी अटॅक आला, एक स्टेंट टाकलाय. आता बरी आहे पण हिरड्या सुजतेत, चूळ भरली की रक्त, दोन दाढा हलतेत. तीस वर्षं झाली मिश्री लावती. भाचा म्हणतो मोबाइलवर आलंय, अटॅक दातातल्या जंतूमुळंच येतो, सहा महिने अँटिबायोटिक घेतलं की पुन्हा ब्लॉकेज होत नाही. मेडिकलवाला द्यायला तयार आहे. द्यावं का? आणि दाढ काढायची तर रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद कराव्या लागतेत म्हणे, म्हणून भीती वाटती.

उत्तर : अँटिबायोटिक देऊ नका, हे आधी सांगतो.

भाचा अगदीच हवेत बोलत नाही. पायोरिया, म्हणजे हिरड्यांचा जुनाट आजार, असणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसतो, आणि रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीच्या थरात तोंडातल्या जंतूंचे अंश सापडलेत. सुजलेल्या हिरडीतून भाकरी चावतानासुद्धा जंतू रक्तात जातात, अंगात कायमची बारीक सूज राहते, आणि ती रक्तवाहिनीला बरी नाही. पण मिश्री हिरडीही खाते आणि रक्तवाहिनीही, शुगरचंही तसंच, मग दोष जंतूला किती द्यायचा? ओपीडीत बाया ठामपणे सांगतात "मी तंबाखू खात न्हाई", आणि कमरेच्या पिशवीत मिश्रीची डबी असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच की हो. आईची शुगर तपासली नसेल तर तीही तपासा.

आता गोळ्यांचं. 1988 मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांना हृदयरोग्यांच्या रक्तात क्लॅमायडिया न्यूमोनिए नावाच्या (हा दातातला नाही, श्वासमार्गातला) जंतूच्या खुणा जास्त दिसल्या, तेव्हा सगळ्यांनाच वाटलं की सापडला चोर. मग अमेरिकेत 4,012 हृदयरोगी घेतले, काहींना वर्षभर दर आठवड्याला अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, जवळपास चार वर्षं लक्ष ठेवलं, 2005 मध्ये निकाल आला : काहीच फरक नाही. डेन्मार्कमध्ये क्लॅरिथ्रोमायसिन हे त्याच जातीचं अँटिबायोटिक दिलं तर त्या गटात मृत्यू उलट जास्त निघाले. शिवाय हे औषध कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत घेतलं की स्नायूंना इजा होऊ शकते, आणि स्टेंटनंतर तशी गोळी बहुतेकांना चालूच असते.

हिरड्या साफ केल्यानं पुढचा अटॅक टळतो हेही सिद्ध झालेलं नाही. तरी करून घ्या, नीट जेवता तरी येईल माउलीला. संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहे, जवळपास चांगला दातांचा डॉक्टर असेल तर तेही चालेल.

(जंतूवरून आठवलं, लहान पोरांचा घसा सारखा दुखून ताप येत असेल, नंतर सांधे सुजत असतील, तर ते अंगावर काढू नका. त्यातून हृदयाची झडप खराब होते, मग तीन-तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. तिथं मात्र अँटिबायोटिक लागतंच.)

राहिली दाढ. रक्त पातळ करायच्या गोळ्या मनानं एक दिवसही बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. बऱ्याचदा गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढतात, बोळा जरा जास्त वेळ दाबून धरावा लागतो इतकंच. स्टेंटची फाइल दातांच्या डॉक्टरला दाखवा, हार्टच्या डॉक्टरला एक फोन करायला लावा, आणि दाढ सकाळीच काढून घ्या, म्हणजे रक्त थांबलं नाही तर दवाखाना उघडा असतो.