वेळासला पहिल्यांदा जाताना

पोरांना घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवं बघायला निघालाच आहात, तर मुक्काम दोन रात्रींचा ठेवा. मार्चअखेर बरी. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं त्यांच्या वेळेनं वाळूतून वर येतात. सकाळ-संध्याकाळ अंड्यांच्या खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलतात, कधी खाली एकही पिल्लू नसतं. दोन रात्रींत चार वेळा बघता येतं.

दोरीमागे मुलांना पुढे बसवा, फ्लॅश बंद. तळहाताहून लहान पिल्लू ओल्या वाळूवर वल्ह्यासारखे पाय मारत निघतं, लाट त्याला मागे फेकते, ते पुन्हा निघतं. उचलून पाण्यात सोडावंसं वाटेल, पण हात लावू नका. ती चाल त्यांना चालू द्या.

हरिहरेश्वरहून येत असाल तर बागमांडल्याला फेरीबोट घ्या, गाडीसकट वेशवीला उतरवते. जेवण गावातल्या घरीच घ्या, मात्र आधी सांगून ठेवा.