पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा: मोजे पुरतील की लेझर?

प्रश्न: वय 46. कळंगुटला शॅकच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभा असतो. डाव्या पोटरीवरच्या शिरा फुगून गाठाळल्या आहेत. घोट्याजवळची कातडी काळपट पडली असून खाजते. पायावर दाब देणारे घट्ट मोजे घामाने नकोसे होतात. डॉक्टर लेझर सुचवतात. करावेच का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: कातडी काळवंडली, म्हणजे प्रश्न आता नुसता दिसण्याचा राहिला नाही. दुर्लक्ष झाले तर तिथेच लवकर न भरणारी जखम होऊ शकते. शिरेतल्या झडपा सैल पडल्या की रक्त वर चढायचे सोडून खाली उतरते आणि घोट्याशी दाब साठतो. मोजे तो दाब आवरतात, झडपा दुरुस्त करत नाहीत. तेव्हा सल्ला योग्यच वाटतो. मात्र आधी डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करा, आणि तीही उभे राहून. झोपवून केली तर उलटा प्रवाह नीट दिसत नाही. खोल शिरेत जुनी गुठळी असल्यास बेत बदलावा लागतो, तेही यातच कळते.

लेझर असो वा रेडिओफ्रिक्वेन्सी, सोनोग्राफीत बघत शिरेत बारीक नळी सरकवतात आणि शीर आतून उष्णतेने बंद करतात. आजूबाजूला भाजू नये म्हणून शिरेभोवती पातळ केलेले भुलीचे औषध भरतात. खरे टोचते ते तेवढेच. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. दोन्हींच्या निकालात फारसा फरक नाही, त्यामुळे यंत्रापेक्षा डॉक्टरांचा अनुभव विचारा. नंतर काही दिवस मांडीत दोरी ताणल्यासारखे वाटते, क्वचित एखादा पट्टा बधिर राहतो. उरलेल्या वाकड्या शिरा बंद करायला फेसाळ औषधाचे (फोमचे) इंजेक्शन देतात. त्याचे तपकिरी डाग काही महिने टिकतात. पुढे दुसरी शीर फुगू शकते, ‘कायमचा इलाज’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. जूनमध्ये शॅक बंद झाले की उरकून घ्या. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दाखवणार असाल तर गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचे दीनदयाळ कार्ड चालेल का, ते आधी विचारा.

तोवर मोजे सोडू नका. गुडघ्याखालचे, बोटे उघडी असलेले दोन जोड घ्या. माप सकाळी, सूज नसताना द्या. उठल्या उठल्या घाला, रात्री काढा. वरची कड दुमडू नका, तिथेच पाय आवळला जातो. चालताना पोटरी दुखत असेल किंवा मधुमेह असेल, तर आधी धमन्या तपासून घ्या.

शीर फुटून रक्त आले तर आडवे व्हा, पाय उंच धरा, फडक्याने दहा मिनिटे दाबा. वर दोरी बांधू नका. एकच पाय अचानक सुजून दुखला किंवा धाप लागली, तर थेट इस्पितळ गाठा.