महागडा सिगार चांगला आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

साहेबांनी परदेशातून आणलेली सिगारची पेटी तुम्हाला भेट मिळाली. त्यातला एक ओढलात, पण लोक लिहितात ती कॉफी, चामडं, देवदार यातलं काही लागलं नाही, नुसता कडू धूर लागला. मग दोष सिगारचा की माझ्या जिभेचा, असं तुम्ही विचारलंय.

जिभेचा नाही, एवढं खात्रीने सांगतो. पुष्कळदा सिगारचाही नसतो. तो ठेवला कसा आणि ओढला किती घाईने, यावर सगळं बिघडतं.

माझं लहानपण निपाणीत, तंबाखूच्या वखारींच्या शेजारी गेलं. पुढे कॅरिबियन बेटांच्या फेऱ्या करणाऱ्या जहाजावर सात वर्षं सिगार लाउंज सांभाळलं. तिथे रोज सकाळचं पहिलं काम ह्युमिडॉरचा, म्हणजे सिगार ठेवायच्या दमट पेटीचा, काटा बघायचं. 65 ते 70 टक्के आर्द्रता असेल तरच पान नीट जळतं. विमानातून आलेला सिगार सुकलेला असू शकतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात उघडा राहिला तर फुगतो. सुकलेला भराभर जळून तिखट होतो, ओला झालेला कोंदतो आणि सारखा विझतो. म्हणून पेटी आली की हवाबंद डब्यात आर्द्रता राखणाऱ्या पुड्या घालून दोन-तीन आठवडे विसरून जा. फ्रिज नको, तिथली हवा कोरडी असते. गरम खोलीही नको, कारण 25 अंशांच्या वर तंबाखूच्या किड्याची अंडी फुटायला लागतात. पानावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली, तर तो सिगार लगेच वेगळा काढा.

आता पारख. माझ्या मते अर्धी पारख काडी ओढण्याआधीच होते. सिगार दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जा. सगळीकडे सारखा, किंचित लवचीक लागला पाहिजे. कुठे पोकळ लागलं तर तिथे पानं कमी भरलीत, कुठे गाठ लागली तर तिथे ओढ अडणार. बाहेरचं पान, म्हणजे रॅपर, ताणून बसवलेलं आणि थोडं तेलकट हवं. त्याच्या काळ्या रंगावरून सिगार कडक असेल असं समजू नका. काळपट पान बहुधा जास्त मुरवलेलं असतं, आणि त्याची चव उलट गोडसर लागते.

मग पेटवायची बाजू नाकाशी धरा. गवताची गंजी, कोको, अगदी गोठ्याचा वास आला तरी चांगलं लक्षण. नाकात झोंबणारा अमोनिया आला, तर पान पुरतं मुरलेलं नाही. सिगारचा तंबाखू वाळवल्यावर पानांचे ढीग रचून ठेवतात. ढीग आतून तापतो, मग तो उलथून पुन्हा रचतात, आणि या मुरण्यात अमोनिया निघून जातो. असा सिगार फेकू नका, सहा महिने डब्यात राहू द्या. वयाने सुधारणारी ही वस्तू आहे, त्याबद्दल मला अजूनही अप्रूप वाटतं.

टोपी, म्हणजे तोंडात धरायच्या बाजूचं बंद टोक, कापताना दीड-दोन मिलिमीटरच कापा, नाहीतर रॅपर उलगडतो. कापल्यावर न पेटवताच एक झुरका घ्या. हवा थोडा विरोध करून आली पाहिजे. काहीच अडलं नाही तर धूर गरम येणार. गाल आत गेले तर त्या सिगारकडून चवीची आशा नको, कितीही किमतीचा असो.

पेट्रोलचा लायटर वापरू नका, वास धुरात उतरतो. ज्योत दुरून दाखवत टोक फिरवत शेकून घ्या, आणि मग मिनिटाला एकच झुरका. तुमचा कडूपणा बहुधा इथेच आला असणार. भराभर ओढलं की आतलं पान तापतं आणि चव करपते. धूर तोंडातच ठेवायचा, छातीत नाही. त्यातला थोडासा नाकावाटे सोडून बघा. जीभ गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी सांगते, बाकी सगळं नाकाला कळतं.

कॉफी आणि देवदार शोधत बसू नका. तुमच्या ओळखीचे शब्द वापरा: भाजलेले शेंगदाणे, सुंठ, मिरी, खारीक, सागाचा भुसा. माझा एकच निकष आहे, चव बदलते का? क्यूबात झाडाच्या खालच्या पानाला व्होलादो म्हणतात, ते जळायला चांगलं. मधलं सेको सुगंधाला, आणि वरचं लिहेरो जोराला. लिहेरो सावकाश जळतं, म्हणून कारागीर ते बरोबर मधोमध ठेवतो. हे मिश्रण जमलं असेल तर पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या भागात तोंडात वेगवेगळं काही येतं. रोबुस्तो आकाराचा, म्हणजे 124 मिलिमीटरचा सिगार पाऊण ते एक तास चालतो, आणि तासभर एकच चव देणाऱ्याला मी उत्तम म्हणणार नाही. निर्णय मधल्या भागात करा, तिथे मिश्रण खरं बोलतं.

राख दोन-तीन सेंटिमीटर टिकली तर आत अख्खी पानं आहेत असं समजा. चुरा भरलेल्याची राख भुरभुर पडते. रंगाला मात्र महत्त्व देऊ नका, तो जमिनीतल्या खनिजांवर जातो.

पेटी क्यूबाची असेल तर उलटी करा. तळाला लाकडात भाजलेला ‘तोतालमेंते आ मानो’ म्हणजे ‘पूर्ण हाताने’ असा शिक्का आणि कारखान्याचा संकेत व महिना-वर्ष हवं. कोहिबा या क्यूबाच्या नामांकित सिगारची काचेच्या झाकणाची पेटी कुणी दिली असेल, तर ती नकलीच समजा.

आणि हे मनापासून सांगतो: धूर छातीत घेतला नाही तरी निकोटीन तोंडातल्या त्वचेतून रक्तात जातं, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. मी आता वर्षातून दोन-तीनच ओढतो, तेही जेवण झाल्यावर, उपाशीपोटी कधीच नाही. उपाशीपोटी ओढला तर घाम फुटतो आणि मळमळतं.

शेवटचा भाग तापून तिखट झाला की तिथेच थांबा. दाबून विझवू नका, वास खोलीभर बसतो. रक्षापात्रात नुसता ठेवून द्या, आपोआप विझतो.